कुशादासी बंदरातून एफेससची खासगी सहल: वेळेचा हिशेब, दारांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

तुर्कस्तानातल्या कुशादासीला क्रूझ जहाजावरून उतरून, स्वतः ठरवलेली गाडी आणि गाइड घेऊन एफेसस या प्राचीन ग्रीक-रोमन नगराचे अवशेष पाहणाऱ्यांचा दिवस बिघडतो तो बहुधा अवशेषांत नाही. तो बिघडतो दोन महिने आधी व्हिसाच्या अर्जात, किंवा त्या सकाळी चुकीच्या दाराशी उतरल्यामुळे, नाहीतर दुपारी जेवणानंतर समोर गालिचे उलगडले जात असताना. म्हणून या लेखात एफेससचा इतिहास नाही. तो गाइड सांगेलच. इथे आहे ती तयारी आणि कामांचा क्रम.

एक गोष्ट आधीच पक्की करा. जहाजाच्या कंपनीकडून घेतलेल्या सहलीची बस अडकली, तर जहाज साधारणपणे थांबते, किंवा त्या प्रवाशांना पुढच्या बंदरात पोहोचवायची जबाबदारी कंपनी घेते. खासगी सहलीवाल्यांसाठी जहाज थांबत नाही. पुढचे सगळे टप्पे या एका वाक्यावर उभे आहेत.

## टप्पा १: व्हिसा आणि पासपोर्ट (सहल ठरवण्याच्या आधी)

भारतीय पासपोर्टवर ग्रीक बेटांची क्रूझ करणाऱ्यांचे घोडे पहिल्यांदा इथेच पेंड खाते. जहाज अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरातून निघते, एकदोन ग्रीक बेटे करते, कुशादासीला येते आणि पुन्हा ग्रीसला जाते. ग्रीस शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, तुर्कस्तान नाही. म्हणजे कुशादासीच्या दिवशी तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडता आणि लगेच पुन्हा आत शिरता. तेव्हा शेंगेन व्हिसा 'मल्टिपल एंट्री'च मागा. अर्जाला क्रूझचा संपूर्ण कार्यक्रम जोडा, तुर्कस्तानचा दिवस त्यात ठळक करा, आणि सोबतच्या पत्रात एका ओळीत लिहा की मधल्या एका दिवसासाठी शेंगेनबाहेर जाऊन परत यायचे आहे. हे न लिहिणाऱ्यांच्या हातात कधीकधी सिंगल एंट्री पडते आणि पिरेअसला जहाजात चढतानाच वाद सुरू होतो.

आता तुर्कस्तानचा व्हिसा. क्रूझने येणाऱ्या प्रवाशांना बंदराचे शहर आणि लगतचे प्रांत पाहण्यासाठी, स्थानिक अधिकाऱ्यांच्या परवानगीने, ७२ तासांपर्यंत व्हिसामाफी देण्याची तरतूद तुर्कस्तानच्या नियमांत आहे. कुशादासी आयदन प्रांतात येते, एफेसस शेजारच्या इझमिर प्रांतात, म्हणजे सहल या मर्यादेत बसते. पण तरतूद असणे आणि तुमच्या क्रूझ कंपनीने ती मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद तपासणारा कंपनीचा माणूस असतो. म्हणून कंपनीला ईमेल करून नेमका प्रश्न विचारा: 'आम्ही भारतीय पासपोर्टधारक आहोत, कुशादासीला उतरण्यासाठी तुम्ही आमच्याकडे तुर्की व्हिसा मागता का?' आलेले उत्तर छापून जवळ ठेवा. त्यांनी व्हिसा मागितलाच, तर शेंगेन, अमेरिका, ब्रिटन किंवा आयर्लंडचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयांना सहसा ई-व्हिसा मिळू शकतो. तो तुर्की सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच काढा. हुबेहूब दिसणारी आणि दुप्पट पैसे घेणारी संकेतस्थळे पुष्कळ आहेत.

मुलगा-सून अमेरिकन पासपोर्टवर आणि आईबाबा भारतीय पासपोर्टवर, अशी कुटुंबे या मार्गावर बरीच दिसतात. अमेरिकन नागरिकांना तुर्कस्तानात पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही, शेंगेनसाठीही नाही. त्यामुळे तिकिटे काढणाऱ्याच्या डोक्यात व्हिसाचा विचारच येत नाही, आणि शेवटच्या महिन्यात आईबाबांसाठी धावपळ होते. प्रत्येक पासपोर्टसाठी वेगळी यादी करा.

तपासा: जहाजावर चढल्यावर भारतीय पासपोर्ट बऱ्याचदा कर्मचारी स्वतःकडे ठेवून घेतात. तसे झाल्यास कुशादासीला पासपोर्ट घेऊन उतरायचे की नाही, हे आदल्या दिवशी रिसेप्शनला विचारा. पासपोर्ट न घेता उतरायचे असेल, तर पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांच्या झेरॉक्स प्रत्येकाच्या खिशात हव्यात, आणि फोटो फोनमध्ये.

## टप्पा २: हातात नक्की किती तास आहेत

माहितीपत्रकात 'कुशादासी, सकाळी ७ ते दुपारी ४' असे असते आणि लोक नऊ तास धरून चालतात. प्रत्यक्षात नऊ नसतात. मोजणी शेवटाकडून करा.

- जहाज निघणार: ४:००
- 'ऑल अबोर्ड', म्हणजे जहाजावर असण्याची शेवटची वेळ: बहुधा अर्धा तास आधी, ३:३०. काही कंपन्या तासभर आधीची देतात. त्या दिवसाच्या पत्रकात छापलेली वेळ खरी.
- स्वतःची राखीव वेळ: ९० मिनिटे. म्हणजे बंदराच्या फाटकाशी २:०० वाजता.
- एफेससच्या परिसरातून निघणे: १:२०. रस्ता सुमारे २० किलोमीटरचा, एरवी अर्ध्या तासाचा. दहा मिनिटे गर्दीची.
- सकाळी जहाज ७ ला धक्क्याला लागते, पण कागदपत्रे होऊन उतरायची परवानगी मिळायला अर्धा-पाऊण तास जातो. म्हणून गाडीत बसणे ८:००, एफेससच्या दाराशी ८:३०.

नऊ तासांतले तुमचे उरले ४ तास ५० मिनिटे. त्यात जेवणही आले. हा आकडा कागदावर मांडल्याशिवाय गाइडशी कार्यक्रमाचे बोलू नका, कारण चौकशी केली की समोरून येणाऱ्या कार्यक्रमात सहा ठिकाणे असतात आणि ती सगळी 'आरामात' होतात असे सांगितले जाते.

तीनचार दिवसांच्या छोट्या ग्रीक क्रूझमध्ये कुशादासीचा मुक्काम अर्ध्या दिवसाचाच असू शकतो. तेव्हा एफेसस एके एफेसस. दुसरे काही नाही.

सावधान, घड्याळ: तुर्कस्तान २०१६ पासून वर्षभर एकच वेळ पाळते, भारताच्या अडीच तास मागे. ग्रीसची वेळ उन्हाळ्यात तुर्कस्तानशी जुळते. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत ग्रीस एक तास मागे असतो. इटलीहून येणाऱ्या जहाजांच्या बाबतीत फरक उन्हाळ्यातही एक तासाचा असतो. जहाज आपली वेळ बदलेल किंवा नाही, ते कप्तान ठरवतो. गाइड मात्र नेहमी स्थानिक वेळच बोलतो. त्यात कुशादासीच्या समोरच सामोस हे ग्रीक बेट आहे, आणि किनाऱ्यावर फोन कधी त्या बेटाचा टॉवर पकडतो. नोव्हेंबरात अशा फोनवर अडीच वाजलेले दिसतात तेव्हा तुर्कस्तानात साडेतीन झालेले असतात. फोनची वेळ 'ऑटोमॅटिक' ठेवू नका. एक साधे मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेवर लावा आणि गाइडला ईमेलमध्ये दोन्ही वेळा लिहून द्या.

## टप्पा ३: गाडी आणि गाइड ठरवणे

आधी बंदर नीट वाचा. काही जहाजे कुशादासीऐवजी इझमिरला लागतात. इझमिरहून एफेसस सुमारे ८० किलोमीटर, जायला तास-सव्वा तास आणि यायला तेवढाच. 'एफेससचे बंदर' एवढेच छापलेले असेल तर कोणते ते विचारा. इझमिर असेल, तर राखीव वेळ ९० मिनिटांवरून दोन तासांवर न्या आणि शहरातली वाहतूक डोक्यात ठेवा.

खासगी सहलीचा दर गाडीमागे असतो, माणसामागे नाही. त्यामुळे सहा-सात जणांच्या कुटुंबाला ती जहाजाच्या सहलीपेक्षा बहुतेक वेळा स्वस्त पडते. दोघांनाच जायचे असेल आणि 'जहाज सुटले तर' ही धाकधूक दिवसभर राहणार असेल, तर जहाजाची सहल घ्या. त्यात कमीपणा काही नाही.

तुर्कस्तानात परवाना नसलेल्याने गाइडचे काम करणे बेकायदा आहे. परवानाधारक गाइडच्या गळ्यात फोटो असलेले ओळखपत्र असते, त्याला तिथे 'कोकार्त' म्हणतात. नुसती टॅक्सी किंवा चालकासह गाडी घेतली, तर चालक तुम्हाला दारापर्यंत सोडेल, आत येऊन माहिती सांगू शकणार नाही. दारापाशी घोटाळणारा, 'मी सगळे दाखवतो' म्हणणारा माणूस घेऊ नका.

पैसे देण्याआधी खालील गोष्टी ईमेलवर लिहून मागा. फोनवर झालेले बोलणे त्या दिवशी कोणालाच आठवत नाही.

1. जहाजाचे नाव, तारीख, येण्या-जाण्याच्या वेळा, आणि बंदराच्या फाटकाशी परतण्याची वेळ. नुसते 'दुपारी' नको, '२:००' असा आकडा हवा.
2. वाऱ्यामुळे किंवा कंपनीच्या निर्णयामुळे जहाज बंदरात आलेच नाही, तर एक पैसाही लागणार नाही आणि आगाऊ रक्कम परत मिळेल. हे मान्य न करणाऱ्याला सोडून द्या.
3. दरात प्रवेश तिकिटे धरली आहेत की नाहीत.
4. गालिचे, चामडे, सोने, सिरॅमिक, कोणत्याही दुकानात थांबा नाही.
5. गाडी वरच्या दाराशी सोडेल आणि खालच्या दाराशी घ्यायला येईल.
6. गाडी कोणती, आसने किती. आईबाबांचे गुडघे दुखत असतील तर पायरी किती उंच आहे तेही. सात जणांच्या व्हॅनमध्ये सात जण बसतात खरे, पण शेवटच्या रांगेत शिरताना वाकावे लागते.
7. पैसे कधी, कोणत्या चलनात, रोख की कार्ड. पूर्ण रक्कम आगाऊ देऊ नका. थोडी आगाऊ आणि उरलेली सहल संपल्यावर, ही पद्धत तिथे सर्रास चालते.

तिसऱ्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त भांडणे होतात. २०२४ मध्ये परदेशी पर्यटकांसाठी एफेससचे तिकीट ४० युरो होते आणि आतल्या 'टेरेस हाउसेस'चे, म्हणजे उतारावरच्या प्राचीन घरांचे, वेगळे १५ युरो. सहा जणांचे झाले ३३० युरो. जाहिरातीतला दर स्वस्त वाटतो तो बहुधा हे वगळून असतो. दर बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी चालू दर पाहा आणि दोन चौकशांची तुलना करताना तिकिटे दोन्हीकडे धरा किंवा दोन्हीकडे वगळा.

तपासा: सहलीची तारीख रमजान ईद किंवा बकरी ईदच्या पहिल्या दिवशी येते का? त्या दिवशी सरकारी स्थळे सकाळी बंद असू शकतात. गाइडला थेट विचारा.

## टप्पा ४: आदल्या रात्री

बूट हा इथे सर्वांत महत्त्वाचा सामान आहे. एफेससचे रस्ते संगमरवरी आहेत आणि शतकानुशतके पाय घासून गुळगुळीत झालेले. कोरड्यातही घसरायला होते, पावसात तर विचारू नका. रबरी, खाचांच्या तळव्याचे बूट घाला. कोल्हापुरी चपला, गुळगुळीत तळव्याच्या सँडल्स जहाजावरच ठेवा.

जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ अंशांच्या पुढे जातो आणि आत सावली जवळजवळ नाही. टोपी, गॉगल, आणि माणशी किमान एक लिटर पाणी. पाण्याच्या बाटल्या गाडीत असतील का, ते गाइडला विचारून ठेवा.

जहाजावरच्या बुफेतली फळे किंवा सँडविच बाहेर नेऊ देत नाहीत. घरून आणलेले बंद पाकिटातले खाणे, चिवडा किंवा खाकरा, चालते. सुटे युरो ठेवा, पाच आणि दहाच्या नोटा. कार्डयंत्र 'युरोत की लिरात' असे विचारते तेव्हा लिरा, म्हणजे तुर्कस्तानचे चलन, निवडा. युरो किंवा रुपये निवडले की दुकानदाराच्या बँकेचा वाईट दर लागतो.

फोनची दोन कामे आहेत. समुद्रात असताना फोन 'एअरप्लेन मोड'वर ठेवा, कारण जहाजाचे स्वतःचे सागरी नेटवर्क असते आणि त्यावर रोमिंग लागले तर बिल डोळे पांढरे करणारे येते. दुसरे, युरोपसाठी घेतलेल्या ई-सिममध्ये तुर्कस्तान असेलच असे नाही. यादीत नाव वाचा, नसेल तर एक दिवसाचे वेगळे घ्या. गाइडचा नंबर, ठरलेल्या गोष्टींचा ईमेल आणि भेटीच्या जागेचा नकाशा यांचे स्क्रीनशॉट काढा.

संध्याकाळी खोलीत येणाऱ्या दिनक्रमाच्या पत्रकावर जहाज कंपनीच्या बंदरातल्या एजंटचा फोन नंबर छापलेला असतो. लोक खेळांच्या वेळा वाचतात आणि हा कोपरा सोडतात. त्याचा फोटो काढा.

## टप्पा ५: उतरणे आणि गाइडला गाठणे

नाश्ता साडेसहाला. जहाजातून उतरायची रांग लागण्याआधी सगळे एकत्र खालच्या मजल्यावर. सहा जण असाल तर एकाने रांगेत आणि पाच जणांनी लिफ्टची वाट पाहत, असे करू नका. पंधरा मिनिटे इथेच जातात. जहाजाचे कार्ड प्रत्येकाकडे स्वतःचे हवे. ते परत येताना लागते.

कुशादासीला जहाज थेट धक्क्याला लागते आणि बंदर गावातच आहे. धक्क्यावरून चालत दुकानांच्या पट्ट्यातून बाहेर पडता. गाइड आतमध्ये येत नाहीत, ते बाहेरच्या फाटकाशी पाट्या घेऊन उभे असतात. एकाच सकाळी तीन-चार जहाजे असली की पाट्या शंभर होतात. 'कुलकर्णी' किंवा 'पाटील' या आडनावाची पाटी दुसऱ्याच कुटुंबाची निघू शकते. म्हणून पाटीवर नावासोबत जहाजाचेही नाव लिहायला सांगा आणि हात मिळवण्याआधी आपल्या ईमेलमधले गाइडचे नाव त्याच्याकडूनच वदवून घ्या.

सावधान: भेटीची वेळ जहाज येण्याच्या वेळेनंतर ४५ मिनिटांनी ठेवा. ती जहाजाच्या वेळेवरच ठेवली की गाइड ताटकळतो आणि तुमचा पहिला फोन 'सॉरी'नेच सुरू होतो. फार उशिराची ठेवली की जहाजाच्या बसगाड्या तुमच्या पुढे जातात, आणि तिथेच सकाळ हातची जाते.

गाडीत बसताच तीन वाक्ये बोला: परतायची वेळ २:००, दुकान नको, आधी एफेसस. गाइड चांगला असेल तर त्यालाही हे आवडते.

## टप्पा ६: एफेसस, वरून खाली

एफेससला दोन दारे आहेत. वरचे दार दक्षिणेला, मेरीच्या घराकडे (येशूची आई मेरी इथे राहिली अशी श्रद्धा आहे) जाणाऱ्या डोंगरी रस्त्यावर. खालचे दार मोठ्या नाट्यगृहाच्या बाजूला. मधला रस्ता उताराचा, सुमारे दीड-दोन किलोमीटरचा. वरून शिरून खाली बाहेर पडले तर सगळे चालणे उताराचे होते. खालून शिरले तर भर उन्हात चढ. टॅक्सीवाले खालच्या दाराशी सोडून देतात, कारण एफेससशेजारच्या सेल्चुक गावाकडून ते जवळ पडते. रस्त्यावरच्या पाट्यांवर नुसते 'एफेस' (एफेससचे तुर्की नाव) लिहिलेले असते, तेव्हा 'दार कोणते' हे तोंडाने विचारावे लागते.

जहाजाच्या बसगाड्यांपैकी बऱ्याच आधी मेरीच्या घराकडे जातात आणि दहाच्या सुमारास एफेससला उतरतात. तुम्ही साडेआठला वरच्या दाराशी असलात तर तास-दीड तास पुढे असता. खासगी सहलीचे खरे पैसे इथे वसूल होतात. हा फायदा 'आधी मेरीचे घर करू, वाटेतच आहे' या एका वाक्याने जातो. नम्रपणे नाही म्हणा.

तपासा, आत शिरण्यापूर्वी: स्वच्छतागृह. दारांपाशी आहेत, आत नाहीत. आत जी आहेत ती दोन हजार वर्षांपूर्वीची, नुसती बघायची.

आता क्रम आणि अंदाजे वेळ.

*वरचा चौक ते हर्क्युलिसचे दार, ३० मिनिटे.* इथे सभागृहासारखे छोटे नाट्यगृह, नगराच्या अग्निकुंडाची जागा, रोमन सम्राट डोमिशियनच्या मंदिराचे उरलेले खांब. सगळे गाइड इथे ताजेतवाने असतात आणि फार वेळ बोलतात. या भागात पाऊण तास गेला तर खाली घाई होणार, हे गृहीत धरा. खूण सांगायची तर, पहिल्या अर्ध्या तासात तुम्ही हर्क्युलिसच्या दाराच्या अरुंद वाटेतून खाली बघत असायला हवे. तिथून क्युरेट्स रस्ता सरळ सेल्ससच्या ग्रंथालयाकडे उतरताना दिसतो.

*क्युरेट्स रस्ता, २५ मिनिटे.* हाच सगळ्यात घसरडा उतार. मध्यभागी चालू नका, कडेने चाला, आणि फोटो काढताना आधी थांबा, मग फोन वर करा. चालत चालत व्हिडिओ काढणारे इथेच पडतात. ट्रेजनचे कारंजे आणि हेड्रियनचे मंदिर वाटेत आहेत, मंदिराजवळ ती सार्वजनिक शौचालये.

*टेरेस हाउसेस, ४० मिनिटे.* श्रीमंतांची उतारावरची घरे, भिंतींवरची चित्रे आणि जमिनीवरची मोझेक जागच्या जागी, वर संपूर्ण छत. तिकीट वेगळे. बरेच जण पैसे वाचवायला हे गाळतात, आणि आमच्या मते चूक करतात. एफेससच्या आत सावलीतली ही एकमेव मोठी जागा आहे, आणि गर्दी कमी. अट एकच, जिने खूप. वाट एकेरी असते, ग्रंथालयाच्या बाजूने शिरून जिने चढत वर निघते आणि क्युरेट्स रस्त्यावर पुन्हा खाली यावे लागते. म्हणून हे करायचे असेल तर ग्रंथालयाच्या फोटोंआधी करा, नंतर नाही. ज्यांना जिने नकोत त्यांनी खाली सावली शोधून बसावे आणि गटातला एक धट्टाकट्टा माणूस त्यांच्यासोबत थांबावा.

*सेल्ससचे ग्रंथालय, २० मिनिटे.* सगळे फोटो इथले. दर्शनी भाग पडलेल्या तुकड्यांतून १९७० च्या दशकात पुन्हा उभा केलेला आहे. पायऱ्यांवर गर्दी असेल तर शेजारच्या चौकाच्या कमानीतून पाहा, तिथून उंची नीट कळते.

*संगमरवरी रस्ता आणि मोठे नाट्यगृह, २५ मिनिटे.* सुमारे २५,००० माणसे बसतील एवढे. वरच्या ओळींपर्यंत चढायची हौस असेल तर पाणी शिल्लक आहे का ते आधी बघा. त्यानंतर खालच्या दाराकडे चालत पाच-सात मिनिटे.

बेरीज दोन तास वीस मिनिटे, चालणे धरून अडीच तास. साडेआठला शिरलात तर अकराला बाहेर. नेमकी तेव्हा आत गर्दी वाढत असते.

गुडघेदुखी किंवा चाकाची खुर्ची असेल तर हा सगळा क्रम विसरा. क्युरेट्स रस्त्याचा उतार आणि उखडलेले दगड खुर्चीला झेपत नाहीत. अशांना खालच्या दाराने न्या, बरीचशी सपाट वाट धरून नाट्यगृह आणि संगमरवरी रस्त्याने ग्रंथालयापर्यंत, आणि त्याच वाटेने परत. मुख्य दोन गोष्टी पाहून होतात. गट दोन भागांत वाटणार असाल तर भेटीची जागा ग्रंथालयाच्या पायऱ्या ठरवा, आणि वेळही. गाइड एकच असतो, तो कोणासोबत हे आधीच ठरवा.

जहाज दुपारी लागणार असेल तर क्रम उलटा: आधी सेल्चुकमधले संग्रहालय आणि जेवण, मग साडेतीननंतर एफेसस. तेव्हा ऊन उतरते आणि जहाजाचे बहुतेक गट परतलेले असतात. बंद होण्याची वेळ ऋतूप्रमाणे बदलते, ती गाइडकडून आदल्या दिवशी पक्की करा.

खालच्या दाराबाहेर दुकानांची रांग आहे. 'अस्सल नकली घड्याळे' अशी प्रामाणिक पाटी तिथे दिसते. हसा आणि पुढे चला, गाडी वाहनतळावर उभी आहे.

## टप्पा ७: उरलेल्या वेळात काय घ्यायचे

वर काढलेल्या उदाहरणात अकरा ते १:२० उरतात. जेवणाला पन्नास मिनिटे सोडा. आणखी एकच मोठी गोष्ट बसते, दोन नाही.

सेल्चुकचे एफेसस संग्रहालय पाऊण तासाचे आहे, आर्टेमिस देवीच्या मूर्ती आणि टेरेस हाउसेसमधल्या वस्तू तिथे आहेत, उन्हाचा त्रास नाही. पहिली पसंती हीच. आर्टेमिसच्या मंदिराच्या जागी आज एक उभा केलेला खांब आणि आजूबाजूला पाणथळ जमीन, दहा मिनिटे पुरतात, तिकीट नाही, वाटेवरच आहे. मेरीचे घर डोंगरावर, वळणाच्या रस्त्याने. जाणे-येणे धरून तास-सव्वा तास. श्रद्धेने जाणाऱ्यांनी जरूर जावे, खांदे-गुडघे झाकलेले कपडे घालावेत. आत फोटो काढता येत नाहीत. नुसते 'यादीत आहे म्हणून' जाणाऱ्यांना तिथे फार काही हाती लागत नाही. शिरिंजे गाव सेल्चुकपासून आठेक किलोमीटर, छान आहे, पण जहाज रात्रीपर्यंत थांबणार असेल तरच.

जेवण. शाकाहारींचे हाल तुर्कस्तानात होत नाहीत, मात्र शब्द माहीत हवेत. 'एतसिझ' म्हणजे मांसाशिवाय. 'गोझ्लेमे' ही तव्यावर भाजलेली पातळ, भरलेली पोळी, आत पालक, चीज किंवा बटाटा. ऑर्डर दिली की करतात, म्हणून ताजी असते. मसुराचे सूप, 'मेर्जिमेक', आपल्या आमटीच्या जवळचे, पण ते कधी मांसाच्या पाण्यात शिजवतात, तेव्हा 'एत सुयू' आहे का ते विचारा. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्या सुरक्षित. जैन जेवण मात्र मिळणे कठीण, कांदा सगळीकडे असतो. सोबत खाणे न्या.

सावधान: 'जेवण मोफत' असलेली जागा पुष्कळदा गालिच्याच्या दुकानाला जोडलेली असते. चहा येतो, मग विणण्याचे प्रात्यक्षिक, मग गालिचे एकावर एक पडू लागतात आणि दीड तास जातो. टप्पा ३ मधला चौथा मुद्दा गाइडला दाखवा. गालिचा खरोखरच हवा असेल तर बंदराजवळ परतल्यावर, उरलेल्या वेळेत बघा.

## टप्पा ८: परत, आणि उशीर झालाच तर

१:२० ला गाडी हलली पाहिजे, मग गोझ्लेमेचा शेवटचा तुकडा हातात असला तरी. २:०० ला फाटकाशी. गाइडचे उरलेले पैसे आणि बक्षिसी गाडीतच द्या, फाटकाच्या गर्दीत नोटा मोजू नका. चालकाची बक्षिसी वेगळी.

आत शिरताना सामान तपासणी असते आणि तीन जहाजांचे प्रवासी एकदम परतले की रांग दुकानांपर्यंत येते. ९० मिनिटांतली वीस-पंचवीस तिथे जातात. उरलेल्या वेळात कुशादासीचा बाजार बघायचा असेल तर फाटकापासून चालत दहा मिनिटांच्या आतच राहा.

वाटेत गाडी बंद पडली तर पहिला फोन चालकाच्या मालकाला नाही, बंदरातल्या एजंटला. नंबर कालच्या फोटोत आहे. नाव, खोली क्रमांक, किती जण, कुठे आहात, किती मिनिटे लागतील, एवढेच सांगा. त्याच वेळी गाइडने दुसरी टॅक्सी बोलवावी. बंद गाडी दुरुस्त होण्याची वाट बघू नका. दहा मिनिटांचा उशीर असेल तर कळवलेल्यांसाठी कधीकधी शिडी थोडी थांबते, न कळवलेल्यांसाठी नाही.

जहाज सुटलेच, तर जहाजावर पासपोर्ट राहिलेल्यांच्या खोलीतल्या तिजोरीतून किंवा रिसेप्शनकडून तो काढून एजंटकडे देण्याची पद्धत आहे. म्हणून आधी एजंटचे कार्यालय, मग हॉटेल. आता टप्पा १ मधल्या मल्टिपल एंट्री व्हिसाची किंमत कळते, कारण पुढचे बंदर बहुधा ग्रीसमध्ये असते. कुशादासीहून सामोसला फेरीबोट जाते, उन्हाळी हंगामात नियमित, हिवाळ्यात तिचा भरवसा नाही. मात्र तिकीट काढण्याआधी एजंटला दोन प्रश्न विचारा: ७२ तासांच्या माफीवर उतरलेल्यांना फेरीबोटीने बाहेर पडता येईल का, आणि पुढच्या बंदरात जहाज तुम्हाला परत चढवून घेईल का. दोन्हींचे 'हो' आल्यावरच पैसे भरा.